कठडा आधी, हेल्मेट नंतर : खेड्यातल्या बांधकामावरची सुरक्षा

बांधकामावर माणसे जायबंदी होतात ती बऱ्याचदा पडून, आणि त्यासाठी फार उंची लागत नाही. दहा फुटांच्या, म्हणजे सुमारे तीन मीटर उंचीच्या स्लॅबवरून पाय सुटला की पाऊण सेकंदात माणूस जमिनीवर असतो. त्या क्षणी त्याचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, म्हणजे सहा मीटरवरून पडल्यास एक सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो आणि वेग ताशी ४० किलोमीटरकडे जातो. पाऊण सेकंदात ओरडताही येत नाही, मग सावरणे दूरच. त्यामुळे पडण्यापासूनचे संरक्षण पाय सुटण्याच्या आधीच बांधून ठेवलेले असावे लागते. ऐनवेळची चपळाई, अनुभव, ‘वीस वर्षे हेच काम करतो’ हा आत्मविश्वास, यांपैकी काहीही त्या पाऊण सेकंदात कामी येत नाही.

उदाहरण म्हणून केळझर घ्या : नागपूर-वर्धा रस्त्यावरचे, वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले गाव. अशा गावातले बांधकाम कसे असते हे आधी पाहिले पाहिजे, कारण सुरक्षेची पुस्तके बहुधा वीस मजली इमारत डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. येथे घरकुल असते, जुने कौलारू घर उतरवून त्या जागी टाकलेला स्लॅब असतो, रस्त्याकडेचा दुकानाचा गाळा, वर चढवलेला एक माळा, देवळाचा सभामंडप किंवा संडासाची टाकी असते. कामावर एक मिस्त्री, दोन-तीन गवंडी, काही कुली आणि रेजा, म्हणजे मजूर बाया. सेंट्रिंगवाले येतात आणि ठोकून जातात, लोखंड बांधणारे वेगळे, फरशीवाला वेगळा. स्लॅबच्या दिवशी मात्र मिक्सरबरोबर तीस-चाळीस माणसे येतात आणि काँक्रीट संपेपर्यंत काम थांबत नाही. साइट इंजिनीअर, सुपरवायझर, सेफ्टी ऑफिसर ही माणसे या चित्रात नसतात. घरमालक स्वतः उभा असतो. त्याचे लक्ष सिमेंटच्या पोत्यांवर असते, आणि ते स्वाभाविकही आहे.

याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. ७०१ किलोमीटरच्या त्या कामावर हेल्मेट, चमकणारे जॅकेट, बूट यांची सक्ती होती, सुरक्षेसाठी नेमलेली माणसे होती. तरीही ३१ जुलै २०२३ च्या रात्री, १ ऑगस्ट उजाडण्याआधी, ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ सरळांबे येथे गर्डर चढवणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जण मृत्युमुखी पडले. पुण्यात २९ जुलै २०१६ रोजी बालेवाडीला चौदाव्या मजल्यावर काँक्रीट चालू असताना स्लॅब कोसळून नऊ मजूर गेले. येरवड्याच्या शास्त्रीनगरात ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री सळयांची जाळी अंगावर येऊन पाच जण गेले. ठाण्याच्या बाळकुममध्ये १० सप्टेंबर २०२३ रोजी बांधकामाची लिफ्ट तुटून सात जण गेले. या चारही घटनांत माणूस ज्यावर उभा होता, ज्याखाली होता किंवा ज्यात बसला होता तेच कोसळले. अशा वेळी डोक्यावरच्या हेल्मेटला करण्यासारखे काही उरत नाही.

साधन कुठे तोकडे पडते याचे एक जुने उदाहरण पाहू. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे काम १९३३ ते १९३७ या काळात झाले. कामगारांना टणक टोपी सक्तीची करणाऱ्या पहिल्या मोठ्या कामांपैकी ते एक. पुलाखाली दोरखंडाची मोठी जाळी बांधली होती आणि खाली पडलेली १९ माणसे तिने झेलली. पण १७ फेब्रुवारी १९३७ रोजी काम करण्याचा फिरता मंचच निसटून जाळीवर पडला, जाळी फाटली आणि दहा जण एकदम बुडाले. जाळी माणसाच्या वजनासाठी होती, मंचाच्या नव्हे. प्रत्येक साधन एका ठरावीक धोक्यासाठी आणि एका मर्यादेपर्यंत केलेले असते. ती मर्यादा ओलांडली की साधन असून नसल्यासारखे होते. म्हणून सुरक्षाशास्त्रात क्रम असा लावतात : धोका मुळात काढून टाकता येतो का, हे प्रथम पाहावे. नसेल तर धोका आणि माणूस यांच्यामध्ये काही आडोसा उभा करता येतो का, हे पाहावे. मग कामाची पद्धत आणि वेळ बदलावी. अंगावर घालायची साधने शेवटी येतात. प्रत्यक्षात खरेदी नेमकी उलट्या क्रमाने होते. हेल्मेट स्वस्त असते, फोटोत दिसते, आणि ते वाटून टाकले की सुरक्षेची जबाबदारीही मजुराच्या डोक्यावर ठेवता येते.

एकमजली घरापुरते बोलायचे तर धोक्याची जागा म्हणजे स्लॅबची कड, जिन्याची मोकळी पोकळी आणि परांची. कडेला आडोसा म्हणजे कठडा. उभे खांब, कमरेच्या किंचित वर, म्हणजे साधारण एक मीटर उंचीवर एक आडवा दांडा, गुडघ्याजवळ दुसरा आणि खाली स्लॅबला टेकून वीतभर रुंदीची फळी. ही खालची फळी लोक विसरतात. वरचा दांडा माणसाला अडवतो, फळी मात्र विटेचा तुकडा, हातोडा किंवा घमेले पायाने ढकलले जाऊन खालच्याच्या डोक्यावर जाऊ देत नाही. सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू गावोगाव भाड्याने मिळतात. त्यांच्याबरोबर कडेला चिमट्याने आवळता येणारे दहा-बारा लोखंडी खांब आणि आडव्या नळ्या ठेवायला दुकानदाराला अवघड काही नाही. मागणी नाही म्हणून माल नाही, इतकेच. जिन्याची आणि लिफ्टसाठी सोडलेली पोकळी, पाण्याच्या टाकीचे तोंड, धुराड्याची जागा यांवर खिळ्यांनी पक्की केलेली जाड फळी हवी. नुसता पत्रा टाकून ठेवणे उघड्या पोकळीपेक्षा वाईट, कारण पत्रा दिसतो भक्कम आणि पाय ठेवला की सरकतो.

परांचीचे नियम भारतीय मानक आयएस ३६९६ मध्ये दिले आहेत. खेड्यात परांची बल्ल्या, बांबू आणि काथ्याची असते, आणि नीट बांधलेली बांबूची परांची वाईट नसते. वाईट असते ती एका फळीची परांची. नऊ-दहा इंच रुंदीच्या एकाच फळीवर गवंडी बसतो, बाजूला मसाल्याचे घमेले ठेवतो आणि थापी मारताना मागे सरकतो. तिथे निदान दोन-तीन फळ्या शेजारी शेजारी, टोकांना दोरीने बांधलेल्या हव्यात. आधाराच्या पलीकडे लोंबणाऱ्या फळीच्या टोकावर पाय दिला की दुसरे टोक उचलले जाते. प्लॅस्टर करताना होणाऱ्या अपघातांत हा प्रकार नेहमीचा. रिकाम्या रंगाच्या डब्यांवर, विटांच्या रचलेल्या ढिगावर किंवा ड्रमवर फळी टाकणे तर मुळीच चालणार नाही. शिडीचा हिशेब सोपा आहे. चार फूट उंचीमागे पायथा भिंतीपासून एक फूट दूर, वरचे टोक स्लॅबच्या वर हातभर नव्हे तर मीटरभर निघालेले, आणि ते टोक बांधलेले. शिडी सरकते ती बहुधा वर चढताना नव्हे, तर वरून शिडीवर पाय टाकताना. त्या वेळी हाताला धरायला काही नसते.

कॉलमच्या पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळयांची उघडी टोके हा वेगळा धोका. त्यांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घालण्याची पद्धत दिसते. बाटलीमुळे टोक नजरेस पडते आणि ओरखडा टळतो, एवढे खरे. वरून पडणाऱ्या माणसाला मात्र ती थोपवू शकत नाही. त्यासाठी सळयांच्या टोकांवर आडवी फळी बांधावी किंवा टोके वाकवून ठेवावीत.

सुरक्षा पट्ट्याविषयी गैरसमज सर्वांत जास्त आहेत, म्हणून त्यावर थोडे थांबावे लागेल. नुसता कमरेचा पट्टा पडणाऱ्या माणसाला कमरेत दुमडतो. त्याच्या झटक्याने मणका आणि पोटातले अवयव जखमी होतात. म्हणून आता पडण्यापासून बचावासाठी मांड्या, खांदे आणि छाती यांना सामावणारा पूर्ण शरीराचा हार्नेस वापरतात आणि त्याचे मानक आयएस ३५२१ हे आहे. त्याचा दोर पाठीवरच्या कडीला लावतात. दोर साधारण १.८ मीटरचा असतो आणि चांगल्या हार्नेसच्या दोरात झटका शोषणारी घडी शिवलेली असते. झटका बसला की ती उसवत जाते आणि मीटरभर किंवा त्याहून अधिक लांबते. आता एकमजली घराचा हिशेब करावा. दोर पायाजवळच्या आधाराला अडकवला आहे असे धरले, तर पडल्यावर दोराचे १.८ मीटर, उसवलेल्या घडीचे सव्वा मीटर आणि पाठीच्या कडीपासून तळपायापर्यंतचे दीड मीटर अशी साडेचार मीटर जागा लागते. खाली थोडी मोकळीक ठेवायची तर साडेपाच. स्लॅब तर तीन मीटरवर. म्हणजे पट्टा उत्तम, दोर उत्तम, अडकवलाही नीट, तरी माणूस दोर ताणला जाण्याआधीच जमिनीला लागतो.

याचा अर्थ एकमजली कामावर हार्नेस निरुपयोगी असा नाही. तिथे तो वेगळ्या रीतीने वापरावा लागतो : दोर इतका आखूड आणि आधार इतका आत की माणसाला कडेपर्यंत पोचताच येऊ नये. खुंटीला बांधलेल्या गुराचे दावे जसे पिकाच्या अलीकडेच संपते, तसा हा दोर कडेच्या अलीकडे संपला पाहिजे. अशा वापरात झटका बसतच नाही. दुसरा प्रश्न आधाराचा. सेंट्रिंगचा टेकू, परांचीचा बांबू, एकटी सळई, खिडकीची चौकट हे आधार नव्हेत. पडत्या माणसाचा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो आणि आधार टनाच्या हिशेबात टिकावा लागतो. कडक झालेला काँक्रीटचा कॉलम किंवा बीम, त्याभोवती पट्टा किंवा दोरखंड गुंडाळून, हा गावातला भरवशाचा आधार. एकदा झटका सोसलेला हार्नेस पुन्हा वापरात येता कामा नये. हार्नेसमध्ये लोंबकळणाऱ्या माणसाला काही मिनिटांतच खाली उतरवावे लागते, कारण मांड्यांवरच्या पट्ट्यांमुळे पायांतले रक्त वर येईनासे होते. त्यासाठीची शिडी कुठे आहे हे आधीच ठरलेले हवे.

हेल्मेट करते काय, हे समजले की ते कसे घालावे हे वेगळे सांगावे लागत नाही. बाहेरचे कवच आणि आतली पट्ट्यांची बैठक यांच्यामध्ये मोकळी जागा असते. वरून काही आदळले की बैठक ताणली जाते, त्या जागेत धक्का विरतो आणि कवटीपर्यंत कमी पोचतो. त्या जागेत बिडीचे बंडल, तंबाखूची पुडी किंवा घडी केलेला दुपट्टा कोंबला की हेल्मेटचे निम्मे काम गेले. हनुवटीचा पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना माणसाच्या आधी निसटते. भारतात औद्योगिक हेल्मेटचे मानक आयएस २९२५ हे आहे आणि खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे लागते. युरोपच्या मानकात चाचणीसाठी पाच किलोचा गोळा एक मीटरवरून हेल्मेटवर सोडतात. एवढीच ऊर्जा दीड किलोचा विटेचा तुकडा सव्वातीन मीटरवरून पडताना घेऊन येतो. तीन किलोची अख्खी वीट दुसऱ्या मजल्यावरून आली तर तिची ऊर्जा त्याच्या साडेतीन पट होते. कठड्याच्या खालच्या फळीचे महत्त्व इथे पुन्हा कळते. विदर्भाच्या उन्हात प्लॅस्टिक लवकर ठिसूळ होते. रंग पांढुरका पडलेले, बोटाने दाबल्यावर कटकटणारे हेल्मेट फेकून द्यावे.

हेल्मेटच्या चर्चेत एक व्यक्ती बहुधा निसटते, ती रेजा. तिच्या डोक्यावर चुंबळ असते आणि चुंबळीवर काँक्रीटचे घमेले, वीस किलोच्या आसपास. हेल्मेट घातले तर घमेले टेकत नाही आणि घमेले घेतले तर हेल्मेट घालता येत नाही. हे साधन पाश्चात्त्य देशांत डोक्यावर ओझे न वाहणाऱ्या पुरुषासाठी बनले आणि तसेच इथे आले. रेजाला हेल्मेट देऊन ‘वापरत नाही’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. तिच्यासाठी आधी ओझे डोक्यावरून उतरले पाहिजे. मिक्सरबरोबर येणारी लिफ्ट, कप्पी आणि बादली, जमिनीवर एकचाकी हातगाडी ही साधने तिच्या दृष्टीने संरक्षक साधनेच आहेत. जिथे घमेल्यांशिवाय गत्यंतर नाही तिथे शिडीवरून वाहतूक न करता पायऱ्यांचा किंवा आडव्या पट्ट्या ठोकलेल्या उताराचा रस्ता करावा, आणि ओझ्याच्या रस्त्यावर वर कोणी काम करत नसावे. साडीचा पदर मिक्सरच्या फिरत्या दातेऱ्यात किंवा पट्ट्यात अडकू नये म्हणून अंगावर शर्ट चढवणे ही रेजांनी स्वतःच काढलेली युक्ती आहे. तिच्या जोडीला यंत्राच्या पट्ट्यावर झाकण हवे, ते मात्र बहुतेक वेळा काढून ठेवलेले असते.

पाय, हात आणि डोळे यांच्या जखमा किरकोळ समजल्या जातात आणि म्हणून त्या अधिक होतात. सेंट्रिंग काढल्यावर खिळे असलेल्या फळ्या अंगणात विखुरतात. रबरी स्लिपरमधून खिळा आरपार जातो. तळाशी पोलादी पत्रा आणि पुढे पोलादी टोपी असलेला सुरक्षा बूट, मानक आयएस १५२९८, यासाठीच आहे. काँक्रीट ओतताना मात्र गमबूट हवा, कारण ओले सिमेंट तीव्र अल्कली असते. ते बुटात शिरले आणि तसेच राहिले तर तासाभराने चरचरते, संध्याकाळी कातडी सोललेली दिसते. गुडघे टेकून फरशी किंवा कोबा करणाऱ्यांच्या गुडघ्यांवर अशाच जखमा होतात. सिमेंटमधल्या क्रोमियममुळे काही गवंड्यांना कायमचा इसब जडतो आणि मग हातमोजे घालूनही काम नकोसे होते. यावर उपाय रबरी हातमोजे आणि दिवसातून अनेकदा स्वच्छ पाण्याने हात धुणे. ज्या बादलीत थापी बुडवतात त्याच बादलीत हात धुणे म्हणजे धुणे नव्हे. तीक्ष्ण कडेचा पत्रा आणि सळया हाताळायला चामड्याचे हातमोजे वेगळे. फिरत्या यंत्राजवळ मात्र कोणतेच हातमोजे नकोत. डोळ्यात चुना किंवा सिमेंट गेले तर चोळू नये. किमान पंधरा-वीस मिनिटे पाण्याची धार लावावी आणि मग दवाखाना गाठावा. फरशी कापताना, छिन्नी मारताना, वेल्डिंगच्या शेजारी उभे राहताना चष्मा हवा. उन्हाचा काळा गॉगल त्या कामाचा नाही.

फरशी, ग्रॅनाइट किंवा काँक्रीट कोरडे कापले की उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा दिसणारी धूळ अडवतो. रोग देणारी धूळ डोळ्यांना दिसत नाही आणि कापडातून सहज जाते. तिच्यासाठी धूळ गाळणारा मुखवटा लागतो, पण मुखवट्याआधी पाणी. पात्यावर पाण्याची बारीक धार सोडली की धूळ उडण्याआधीच बसते. विजेच्या यंत्राजवळ पाणी म्हटल्यावर पुढचा धोका समोर येतो.

बांधकामावरची वीज म्हणजे बहुतेक ठिकाणी घरातून ओढलेली सांध्यासांध्यांची वायर, बोर्डाच्या छिद्रात काडीने दाबून बसवलेली तिची उघडी टोके आणि खाली चिखल. ३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी किंवा बोलीभाषेतला ईएलसीबी ही कदाचित या सगळ्या यादीतली पैशाच्या मानाने सर्वांत उपयोगी वस्तू आहे. व्हायब्रेटर, कटर, पाण्याचा पंप यांच्या आधी ती असलीच पाहिजे. हातमोजे आणि बूट तिची जागा घेऊ शकत नाहीत. घरावरून किंवा घराशेजारून जाणाऱ्या ११ केव्ही वाहिनीपुढे तर अंगावरचे कोणतेच साधन पुरत नाही. सळई १२ मीटर, म्हणजे चाळीस फूट लांब येते. ती उभी करून वर चढवताना तारेला लागते किंवा तारेजवळ जाते. नियमानुसार अशा वाहिनीपासून इमारतीचे आडवे अंतर किमान १.२ मीटर आणि उभे ३.७ मीटर असावे लागते. जिथे वरचा माळा चढवताना हे अंतर उरत नाही तिथे महावितरणकडून वाहिनी हलवून किंवा कामापुरती बंद करून घ्यावी लागते. सळया खालीच कापून घेणे, आडव्या चढवणे, ही पद्धत बदलण्याची साधी उदाहरणे.

खोदाईत माणूस मातीखाली येतो तेव्हा एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक असते. वर्ध्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि उभ्या कापलेल्या कडा पाहता पाहता ढासळतात. दीड मीटरहून खोल चर उतरता कापावा किंवा फळ्या-टेकूंनी कडा धरून ठेवाव्यात. काढलेली माती काठावर न टाकता दूर टाकावी. छातीपर्यंत गाडलेला माणूस डोके मोकळे असूनही गुदमरतो, कारण छाती फुगायला जागा नसते. नव्या संडासाच्या टाकीचे सेंट्रिंग काढायला उतरलेली माणसे बेशुद्ध पडण्याचे प्रकारही घडतात. बंद, ओलसर टाकीत कुजणाऱ्या लाकडामुळे प्राणवायू कमी झालेला असतो आणि आत वास काहीच येत नाही. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. सर्व झाकणे काढून, पंख्याने हवा खेळवून, कमरेला दोर आणि वर दोन माणसे असल्याशिवाय कोणी उतरू नये. कापडी मुखवटा किंवा धुळीचा मास्क तिथे काहीही कामाचा नाही, तो हवा गाळतो, प्राणवायू तयार करत नाही.

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा सावली, पाणी आणि सकाळी लवकर सुरू होऊन दुपारी थांबणारे काम हेच साधन. चक्कर आलेला माणूस परांचीवरून पडतो आणि नोंद ‘पडून जखमी’ अशी होते, उन्हाचे नावही येत नाही.

ही साधने आणायची कोणी? इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा १९९६ चा. महाराष्ट्राचे नियम २००७ चे. त्यानुसार साधने देणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य होते. मात्र हा कायदा मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होई, आणि स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेले दहा लाखांपर्यंतचे घर त्यातून वगळलेले होते. स्लॅबच्या दिवशी माणसांची संख्या दहाच्या पुढे सहज जाते, पण घराच्या किमतीची अट आड येते. सपाट प्रदेशातल्या घरकुलाला मिळणारे अनुदान १ लाख २० हजारांचे, तेव्हा ते घर कायद्याच्या नजरेत आलेच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि त्यात राहत्या घराची ही मर्यादा ५० लाखांवर नेली आहे. म्हणजे गावातली जवळपास सगळीच घरे बाहेर. इथे कायद्याने मागे पाऊल घेतले आहे असेच म्हणावे लागते.

दुसऱ्या बाजूने महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकरातून नोंदणीकृत कामगाराला सुरक्षा संच देते. त्यात हार्नेस, सुरक्षा बूट, कानातले बोळे, मास्क, चमकणारे जॅकेट, हेल्मेट, हातमोजे आणि गॉगल यांच्या जोडीला मच्छरदाणी, पाण्याची बाटली, जेवणाचा डबा, सौर टॉर्च असे सामान असते. योजना चांगली आहे, पण तिने साधनाची मालकी मजुराच्या घरी नेली. गवंडी, रेजा, फरशीवाला, सळई बांधणारा या सर्वांना एकच संच. फरशीवाल्याला पाण्याची धार हवी, रेजाला कप्पी हवी, आणि दोघांनाही घरी नेता येणार नाही असा कठडा हवा. ती जागेची साधने संचात बसत नाहीत. ती घर बांधणाऱ्याने किंवा ठेकेदाराने भाड्याने आणायची असतात. ग्रामपंचायत बांधकामाची परवानगी देते, त्याच वेळी कठडा, आरसीसीबी आणि वरून जाणारी वाहिनी या तीन गोष्टींची विचारणा तिला करता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

अपघात झाल्यावरची पहिली काही मिनिटे जवळच्या माणसांच्या हाती असतात. उंचीवरून पडलेल्याला दोघांनी हात-पाय धरून उचलू नये. मणका मोडला असेल तर त्या उचलण्याने पाय कायमचे जाऊ शकतात. मान आणि पाठ सरळ ठेवून फळीवर किंवा उतरवलेल्या दारावर सरकवावे. घुसलेली सळई उपसू नये, ती दोन्ही बाजूंनी स्थिर धरावी आणि जखमीला हलवण्यासाठी गरज असेल तरच बाहेरचा भाग कापावा. शॉक लागलेल्याला स्पर्श करण्याआधी मुख्य स्विच बंद करावा. गाडलेल्याला जेसीबीने उकरू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. केळझरच्या जखमीसाठी वर्ध्याच्या बाजूला सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे रुग्णालय ही मोठी ठिकाणे.

अपघातानंतरची आर्थिक मदत मात्र नोंदणीवर अवलंबून असते. कल्याणकारी मंडळाची नोंदणी १८ ते ६० वर्षे वयाच्या आणि मागील वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला करता येते. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराप्रमाणेच ग्रामपंचायत अधिकारीही (पूर्वीचा ग्रामसेवक) देऊ शकतो. एकाच मालकाकडे वर्षभर काम नसणाऱ्या मजुराला हाच दाखला सोयीचा. नोंदणीकृत कामगाराचा कामावर अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला पाच लाख रुपये, कायमच्या मोठ्या अपंगत्वात दोन लाख रुपये अशी तरतूद आहे. नोंदणी दरवर्षी नव्याने वैध करून घ्यावी लागते, आणि अपघाताच्या दिवशी ती चालू असणे हीच मदतीची पहिली अट असते.